मनगटापासून बोटापर्यंत

मुंबईची प्रयोगशाळा सोडून धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला जाते म्हटल्यावर माझ्या सरांनी चष्मा काढला आणि तो पुसत विचारलं, "धुळ्यात तुम्ही संशोधन कसलं करणार?" मी म्हटलं, "इथे करते तेच. बेडकांना जिल्हा कळत नाही." सर हसले नाहीत. मला मात्र ते उत्तर तेव्हाही आवडलं होतं आणि अजूनही आवडतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, माझी पीएच.डी. झाली होती, आणि आपल्याला काय येतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

माझा विषय होता चेतापेशीच्या आतली वाहतूक. हे नातेवाइकांना सांगितलं की ते थट्टा करत. जळगावला दिलेल्या माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे दाजी, दर भेटीत विचारायचे, "काय, मग एस.टी. खात्यात कधी चिकटताय?" मीही दर भेटीत तितक्याच उत्साहानं समजावून सांगायचे, कारण विषयच तसा होता. बोटाच्या टोकाला खडबडीत आणि गुळगुळीत यातला फरक ज्या पेशीमुळे कळतो, ती पेशी बोटात नसतेच. तिचं घर मानेपाशी, कण्याला लागून असतं. तिथून एक तंतू निघतो तो दंडातून, कोपरातून, मनगटातून थेट बोटाच्या टोकापर्यंत येतो. या तंतूला लागणारं बहुतेक सगळं सामान त्या घरीच तयार होतं आणि तिथून वाहून आणावं लागतं. पुन्हा टोकाकडची खबरबात उलट्या दिशेनं घरी जातेच.

मी ही वाहतूक पाहायचे ती तिला अडवून. बेडकाच्या मांडीतली नस, म्हणजे अशा तंतूंची जुडी, रेशमी दोऱ्यानं आवळून बांधायची, काही तास थांबायचं आणि मग नस रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. दोऱ्याच्या घराकडच्या बाजूला सामानाचा नुसता ढीग लागलेला असे, नाक्यावर केळीचे ट्रक अडकावेत तसा. पलीकडच्या बाजूलाही लहानसा ढीग असे, तो परतीच्या वाटेवरचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला एकदम आनंदानं रडू आलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मुंबईत लोक बेडकासाठी रडत नाहीत.

धुळ्यात मला एक खोली मिळाली. तिच्या खिडकीला काचा होत्या, पण सगळ्या नव्हत्या. बर्फ सरबतवाल्याकडून आणायचा, वीज गेली की आरसा लावून उन्हात नस पाहायची, आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे काम उरकायचं. नाही तर रसायनं आणि मी दोघंही बिघडायचो. तरी त्या खोलीत काम झालं. चांगलं झालं. मुंबईच्या सरांनी माझा पहिला निबंध वाचून पत्रात फक्त "ठीक" एवढंच लिहिलं होतं. त्यांचं "ठीक" म्हणजे काय ते त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा.

आता अक्काबद्दल. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. माय शेतात जायची, त्यामुळे मला कडेवर घेऊन फिरवलं ते अक्कानंच. जळगावला लग्न होऊन गेल्यावर ती पोत गाठवायला शिकली. सराफाच्या दुकानातून सोन्याचे मणी, काळे मणी, वाट्या यायच्या आणि ती ते सगळं दोऱ्यात ओवून, गाठी मारून मंगळसूत्र तयार करून द्यायची. हे काम शिकलेल्या बाया खूप होत्या, पण सराफ नवरीची पोत म्हटली की अक्काचं नाव घ्यायचे. काळा मणी मोहरीपेक्षा थोडासाच मोठा. अक्का तो पाहतसुद्धा नसे. समोर बसलेल्या बाईशी तिच्या सुनेबद्दल बोलायची आणि इकडे अंगठा आणि तर्जनी मणी उचलायची, फिरवायची, भोक सापडलं की दोऱ्यात घालायची. खोटा मणी तिच्या बोटाला लागताच बाजूला फेकला जायचा. तिचं सगळं ऐश्वर्य त्या दोन बोटांत होतं आणि तिला ते पक्कं माहीत होतं.

एका श्रावणात नवा चुडा भरून ती धुणं धुवायला बसली, उठताना ओल्या दगडावरून घसरली आणि उजव्या हातावर पडली. काचेच्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. जखम फार मोठी नव्हती. पण मनगटाच्या मधोमध जी नस जाते ती तुटली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना जगाची बातमी त्याच नसेतून मिळते. डॉक्टरांनी नस नीट जुळवून शिवली. मी पोचले तेव्हा अक्का हातावर बँडेज घेऊन बसली होती आणि तिन्ही बोटं डाव्या हातानं चाचपत होती.

"माले काहीच समजस नही," ती म्हणाली. "मी बोटले बोट लावस, पन लागस नही."

मी तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं, "परत येईल." डॉक्टर सावधपणे "बघू या" म्हणाले होते. मी बघू या वगैरे म्हटलं नाही. मी तिला समजावलं की शिवली ती वरची नळी. आतले तंतू मनगटापासून पुढचे मेले, कारण घराकडून येणारं सामान तुटलं. पण मानेपाशी घर शाबूत आहे, तिथून सामान येत राहील आणि तुटलेल्या टोकापासून तंतू नव्यानं वाढत बोटाकडे निघतील. दिवसाला साधारण मिलिमीटरभर. म्हणजे चाल अगदी मुंगीची, पण चाल आहे. "आखाजीपर्यंत तुझ्या बोटाला पोचतील," मी म्हटलं. आखाजी म्हणजे आमच्या खान्देशची अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात तो सण. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणी कणसं चोरताना सापडले की ती अशीच पाहायची. मी ती नजर संमती म्हणून धरली.

त्यानंतर जवळजवळ दर शनिवारी मी धुळ्याहून जळगावची बस धरायचे. पारोळा, एरंडोल आणि मग जळगाव, मांडीवर तपासायच्या वह्या. घरी पोचले की पहिलं काम अक्काचा हात. वाढत्या तंतूंची टोकं जिथवर आलेली असतात तिथे बोटानं टिचकी मारली की झिणझिण्या येऊन त्या बोटांकडे धावतात. मनगटापासून एकेक टिचकी मारत यायचं. जिथे अक्का हात मागे ओढेल तिथे मेंदीचा ठिपका द्यायचा. पुढच्या खेपेला फिक्या ठिपक्याच्या किंचित पुढे झिणझिणी यायची. तंतू निघाले होते. मी खूश होते. दाजी म्हणायचे, "तुमची एस.टी. वेळेवर दिसतेय."

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. चातुर्मासात बंद असलेली वांगी त्या दिवसापासून पुन्हा खायची, आणि आमच्याकडे वांगी खायची म्हणजे भरीत. दाजींच्या भावकीचं शेत नशिराबादला होतं. तिथे सगळी मंडळी जमली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी, लांबट वांगी भाजली जात होती. भाजलेलं वांगं निखाऱ्यातून काढलं की गरम असतानाच सोलायचं, नाही तर साल नीट निघत नाही. हे काम सगळ्यांना जमत नाही. बोटं फुंकत, पाण्यात बुडवत, "आई गं" करत बाया सोलतात, आणि जी न फुंकता सोलते तिचा मान मोठा. अक्का नेहमीच या कामात पुढे असायची. त्या दिवशीही ती पाट घेऊन बसली आणि उजव्या हातानं सोलायला लागली. एक सोललं, दुसरं सोललं. फुंकर नाही, पाणी नाही. वाफ निघतेय आणि तिची बोटं सालीखाली शांतपणे सरकताहेत.

तिची जाऊ ओरडली, "अक्काना हात बरा व्हयना व! देखा, बठ्ठा वांगा तीच सोली ऱ्हायनी!"

सगळी वांगी अक्काच सोलतेय हे पाहायला सगळ्या बाया गोळा झाल्या. कुणी म्हणालं, आधीपेक्षा चांगला झाला. कुणी म्हणालं, देवानं ऐकलं. अक्काच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी तो तिचा जुना तोरा आला होता. ती अजून भराभर सोलू लागली. मी विहिरीकडून येत होते. मला लांबूनच दिसलं, आणि काय झालं ते माझ्या लक्षात आलं. मी धावत गेले आणि तिच्या हातातलं वांगं हिसकावून फेकलं. "वेड लागलंय का सगळ्यांना?" मी ओरडले. "तिला कळत नाहीये! भाजतंय आणि तिला कळत नाहीये!"

अक्कानं स्वतःची बोटं उलटी करून पाहिली. टोकं लाल झाली होती. संध्याकाळी फोड आले.

त्या लोकांना मी दोष देत नाही. ज्या मुलखात गरम तव्यावरची भाकरी बोटांनी उलटतात आणि चुलीतलं लाकूड हातानं सरकवतात, तिथे न भाजणारा हात म्हणजे चांगला हात. त्यांच्या हिशेबात अक्का बरी झाली होती. फक्त माझा राग अक्काला सगळ्यांसमोर लागला, हे खरं.

दुसऱ्या शनिवारी गेले तर तिनं हात पदराखाली घेतला. टिचक्या नाहीत, मेंदी नाही. "तुन्हं शास्तर तुले लखलाभ," ती म्हणाली. "हाऊ हात मना नही व बाई. कोनाना तरी आनीसन लायेल शे." कुणाचा तरी आणून लावलाय. सराफाकडून आलेले मणी तिनं आदल्याच दिवशी परत पाठवले होते. दुसरीकुणी बाई आता पोत गाठवणार होती. हे सांगताना ती रडली नाही. मला तेच जास्त लागलं.

मी भांडले. मी भांडण्यात कमी नाही. मी म्हटलं, तंतू तळहातात आलेत, बोटांत नाहीत, म्हणून बोटं भाजतात. ते चालताहेत, तू त्यांना अर्ध्या वाटेत सोडून देतेस. ती म्हणाली, चालू दे, पोचले की बघू. मग दाजीच मधे पडले. त्यांनी तिचा हात पदरातून काढून माझ्यासमोर धरला. मी टिचक्या मारत गेले. फिक्या ठिपक्याच्या बरंच पुढे, तळहाताच्या मध्यावर, अक्का एकदम दचकली. "ऊनं," ती म्हणाली. आलं. तिचा आवाज रागीटच होता, पण हात तिनं मागे घेतला नाही.

आखाजीला ती माहेरी आली. कडुलिंबाच्या झाडाला झोका बांधला होता, पोरी गाणी म्हणत होत्या. दुपारी ओसरीवर मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि पेन्सिलीच्या टोकानं तिची तर्जनी हलकेच दाबली.

"लागनं," ती म्हणाली. मी जवळजवळ उडीच मारली. माझा शब्द खरा झाला होता, आखाजी म्हटलं होतं आणि आखाजीच होती. मग मी विचारलं, "कुठलं बोट?"

"मधलं."

मी पुन्हा तर्जनी दाबली. पुन्हा मधलं. अंगठा दाबला, तर ती थोडा विचार करून म्हणाली, अंगठा आणि तर्जनी दोन्ही. डोळे उघडून तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बठ्ठी बोटं इकडनी तिकडे व्हयी गयात," ती म्हणाली.

असं होतं. मला ते पुस्तकातून माहीत होतं. तुटलेल्या नसेतून वाढताना तंतूंना आपली जुनी वाट सापडतेच असं नाही. तर्जनीचा तंतू मधल्या बोटात जाऊन बसतो, मधल्याचा तर्जनीत. वर मेंदू मात्र जुन्याच पत्त्यावर विश्वास ठेवतो. मधल्या बोटाच्या तंतूवरून बातमी आली, म्हणजे मधल्या बोटालाच लागलं. अक्काला मणी लागायचा, पण कुठल्या बोटात आहे तेच कळायचं नाही, आणि तो निसटून पडायचा. वाहतूक सगळी नीट झाली होती आणि तरी काम झालं नव्हतं. त्या दुपारी मी माझ्या विषयावर इतकी चिडले की झोक्यावर बसून उगाच उंच उंच झोके घेतले.

पण याच चिडीतून माझं पुढचं सगळं काम निघालं. तंतू आता हलणार नव्हते, मग हलायला हवं होतं ते मेंदूनं. एक चेतापेशी दुसरीला जिथे निरोप देते त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. वापरानं ती जागा घट्ट होते, न वापरली की सैल पडते. नव्वदीच्या सुरुवातीला जगभर यावर काम जोरात होतं आणि मोठ्या माणसाच्या मेंदूतला बोटांचा नकाशासुद्धा सरावानं बदलतो, असं दिसायला लागलं होतं. मी धुळ्याला परत गेले आणि बेडकाच्या नसेचं काम चालू ठेवून सिनॅप्सकडे वळले. वाहून आलेलं सामान सिनॅप्सला घट्ट करायला कसं कामी येतं, हा माझा प्रश्न झाला. लोक म्हणाले, चालू विषय सोडू नका. मी सोडला नव्हता, मी त्याच रस्त्यानं पुढच्या गावाला गेले होते.

घरी मात्र प्रयोग साधा होता. दाजी दालमिलमध्ये कामाला. ते तूर, मूग, उडीद, हरभरा असं थोडं थोडं घेऊन आले. रोज दुपारी अक्कानं आधी डोळे उघडे ठेवून एकेक दाणा बोटात धरायचा, बघायचं, कुठल्या बोटात काय आहे ते मोठ्यानं म्हणायचं. मग डोळे मिटून तेच. दाजी परीक्षक. पहिल्या महिन्यात ती डोळे मिटून इतकी अचूक सांगू लागली की मला संशय आला. मी शनिवारी जाऊन बसले. ती दाणा बोटात घेत होती, हळूच नाकाजवळ नेत होती आणि मग "उडीद" म्हणत होती. दालमिलवाल्याची बायको ती, वासावरून तिला डाळीचं वयसुद्धा कळायचं. दाजींना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "ती खूश होती," ते म्हणाले, "म्हणून मी बोललो नाही." मी दोघांना चांगलं फैलावर घेतलं. त्यानंतर नाकाला रुमाल.

मग खरी परीक्षा सुरू झाली आणि अक्का नापास होऊ लागली. चिडायची, ताट ढकलायची, पुन्हा ओढायची. पावसाळा गेला, हिवाळा गेला. एकदा मी तर्जनी दाबून विचारलं तर ती म्हणाली, "मधलं सांगस, पन ते खोटं बोलस. तर्जनी शे." मला ते फार आवडलं. मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगितलं की मेंदू खोटं बोलणाऱ्या बोटाला ओळखायला शिकतो. पण मनात मला माहीत होतं की हे अजून पुरेसं नाही. ओळखायला वेळ लागत होता. विचार करून पोत गाठवता येत नाही. अक्काला ते माझ्याहून जास्त माहीत होतं, म्हणून तिनं सराफाकडे निरोप पाठवला नव्हता.

सरावासाठी तिनं शेजारणींच्या तुटलेल्या पोती फुकट गाठवायला घेतल्या होत्या. एका शनिवारी मी गेले तर ती उंबऱ्याशी उजेडात बसली होती, मांडीवर ताटलीत मणी. शेजारीण तिला सुनेचं काहीतरी सांगत होती आणि अक्का हूं हूं करत होती. मी चप्पल काढत होते. डाव्या हातातली सुई मण्याऐवजी तिच्या उजव्या हाताच्या बोटात घुसली. तिनं "स्स" केलं, बोट तोंडात घातलं, चोखलं, पदराला पुसलं आणि शेजारणीला म्हणाली, "मंग? सून काय म्हननी?"

तिनं खाली पाहिलं नव्हतं. तोंडात घातलेलं बोट तर्जनी होती. मी जवळ जाऊन तो हात धरला आणि उलटा केला. तर्जनीच्या टोकावर रक्ताचा लालभडक थेंब पुन्हा वर येत होता.

"अक्का," मी विचारलं, "कुठलं बोट चोखलंस?"

तिनं हात सोडवून घेतला. कामात खोळंबा केला म्हणून ती वैतागली होती.

"कोनतं म्हंजे?" ती म्हणाली. "टोचायनं तेच."